हळू बोल, हापूस आवडत नाही!

आमच्या गल्लीत कुणाला काय आवडतं हे शेंबड्या पोरालासुद्धा पाठ आहे. शेजारच्या सरांना कारलं आवडतं, समोरच्या काकांना भडंगावर कच्चा कांदा लागतोच, आमच्या सासूबाईंना वेलदोड्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. आवडीचं बरं असतं. ती चारचौघांत मिरवते, आपण पोचायच्या आधी पाहुण्यांच्या घरी पोचते, वाढदिवसाला तिच्या नावानं कढई चढते. नावडीला मात्र घरात बसायला पाट नसतो. ‘नाही आवडत’ एवढं म्हटलं की कुणाचा तरी हात दुखावतो, कुणाचं तरी माहेर दुखावतं, आणि एखाद्या पदार्थामागे तर देवाघरी गेलेली आजेसासूच उभी असते. मग माणूस घास गिळतो, ‘छान झालंय’ म्हणतो आणि खरं काय ते पोटात घेऊन कुंपणाशी येतो.

आमचं कुंपण म्हणजे माईंच्या आणि आमच्या परसामधली कमरेएवढी विटांची भिंत. एका जागी चार विटा ढासळल्यात. तिथून माईंचा गवती चहा आमच्याकडे घुसलाय आणि आमचा कढीपत्ता त्यांच्याकडे. ‘एकदा भिंत दुरुस्त करून घेऊ’ असं दोन्ही घरच्या पुरुषांनी अनेकदा ठरवलं. गवंड्याचा विषय निघाला की आम्ही दोघी हळूच दुसरं काहीतरी काढतो.

माई मूळच्या रत्नागिरीकडच्या, मी वर्ध्याची. सासर दोघींचं सांगली. त्यांचं लग्न होऊन जमाना झाला, तरी घाईत बोलताना अजून ‘अगो’ निघतं, आणि माझ्या तोंडून ‘बाप्पा!’ गेलेलं नाही. ‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्य सासरच्या घरात म्हणायची सोय नाही, ते आम्ही एकमेकींना म्हणतो.

“घे चहा,” माईंनी पेला भिंतीवर ठेवला. “गवती चहा घातलाय. वेलदोडा नाही.”

“माई, तुमच्या तोंडात साखर पडो.”

“अगो, हळू! सासूबाई अंघोळीला गेल्या का?”

“आत्ताच गेल्या. नळ चालू आहे.”

नळ हे आमचं घड्याळ. तो वाहतोय तोवर काहीही बोलावं. तो बंद झाला की भाजीच्या भावावर यावं.

“वेलदोड्याशी तुझं वाकडं तरी काय आहे गं? एवढा महागाचा जिन्नस.”

“महाग आहे म्हणून तर बोलता येत नाही ना! श्रीखंडात वेलदोडा, पुरणात वेलदोडा, शिऱ्यात वेलदोडा, पन्ह्यात वेलदोडा. बरं, गोडात एक वेळ समजू शकते. पण चहात? तोही सालासकट कुटून? मला पहिल्या घोटाला सर्दी झाल्यासारखं वाटतं.”

माईंच्या पडवीतला झोपाळा थांबला. झोपाळा थांबला की समजायचं, आता सर बोलणार. सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, पण तास संपल्याची घंटा त्यांना अजून ऐकू आलेली नाही.

“बरोबर आहे तिचं,” सर म्हणाले. “वेलदोड्याच्या तेलात सिनिओल असतं, आणि निलगिरीच्या तेलाचा मुख्य घटक तोच. लहानपणी तुला निलगिरीचा वाफारा द्यायचे का?”

“द्यायचे म्हणजे? दर हिवाळ्यात! गरम पाण्याच्या घंगाळात आई दोन थेंब टाकायची आणि डोक्यावरून चादर घालून मान धरून बसवायची. डोळ्यांतून नाकातून धारा.”

“मग झालं तर. तुझ्या जिभेला श्रीखंड कळतं, पण नाकाला वाफारा आठवतो.”

माझ्या नखऱ्याला शास्त्राचा आधार मिळाला म्हणून मला इतका आनंद झाला, की मी अर्धा पेला आणखी मागून घेतला. माई मात्र सरांना सोडणाऱ्यांतल्या नाहीत.

“वाफारा मलाही दिलाय आईनं. मग मला वेलदोडा का आवडतो?”

सरांनी थोडा विचार केला. “याचं उत्तर रसायनशास्त्रात नाही.”

“मग हलवा झोपाळा.”

झोपाळ्याच्या कड्या पुन्हा कुरकुरायला लागल्या. तो आवाज मला अजिबात सोसत नाही. दुपारी डोळा लागतोय न लागतोय तोच कुर्र... कुर्र... सुरू. मी एकदा तेलाची बुधली घेऊन भिंतीपाशी गेले होते. माईंनी ती घेतली, आभार मानले आणि त्या तेलात लोणच्याची फोडणी केली. “अगो, तो वाजतोय तोवर हे कुठे आहेत ते कळतं. आवाज थांबला आणि बोलणंही ऐकू आलं नाही, की समजायचं, फ्रिज उघडलाय,” असं त्यांनी मला नंतर समजावलं. सरांना डॉक्टरांनी गोड बंद केलंय.

मे महिन्यात वळवाचा पहिला पाऊस झाला, तेव्हा मात्र आम्ही तिघंही एका मताचे होतो. थेंब पडायला लागले आणि माई वाळत घातलेल्या कुरडया आत न्यायच्या सोडून नुसत्या उभ्या राहिल्या. “काय वास आहे! हा ज्याला आवडत नाही असा माणूस दाखव मला.” मीही छाती भरून घेतला. कुरडया भिजल्या.

पाऊस थांबल्यावर माईंनी विचारलं, “आज काय केलंस जेवायला?”

“बिटाची कोशिंबीर, आणि—”

“ई! बीट? मी नाही बाई खात. माती खाल्ल्यासारखी लागते.”

झोपाळा थांबला.

“म्हणजे मघाशी जी हुंगत होतीस तीच,” सर म्हणाले. “ओल्या मातीच्या वासात जिओस्मिन नावाचं संयुग असतं. मातीतले सूक्ष्मजंतू ते तयार करतात. थेंब कोरड्या जमिनीवर आपटला की त्याच्याखाली बारीक बुडबुडे सापडतात, ते फुटताना वास वर उडतो. माणसाचं नाक या जिओस्मिनच्या बाबतीत फार तिखट. लाख कोटी भागांत चार-पाच भाग असले तरी ओळखतं. आणि बिटाला जो मातकट वास येतो तोही त्याचाच.”

“म्हणजे अंगणात हवी ती माती ताटात आली की नको,” मी म्हटलं.

“उत्तम! पैकीच्या पैकी गुण. कनौजला तर मातीचं अत्तर काढतात. भाजलेली माती पाण्यात घालून भट्टीवर चढवायची, तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवायची, की झालं मिट्टी अत्तर. तेच मनगटावर लावायला लोक पैसे मोजतात आणि कोशिंबिरीत आलं की वाटी सरकवतात.”

“पण सर,” मी म्हटलं, “पूर उतरल्यावर घरात जो वास होता, तोही मातीचाच होता की. तो नाही हो आवडत.”

यावर सर काही बोलले नाहीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. त्या दिवसांत सांगलीत माणूस माणसाला ‘कसे आहात’ विचारायचा नाही, ‘पुलाला किती’ विचारायचा. आमच्या दोन्ही घरांत पाणी खिडकीच्या वर होतं. उतरल्यावर आलो तर कपाटाचे खालचे खण उघडेनात, आत सगळा गाळ बसलेला. पिंपातले गहू फुगून कुजलेले. सरांची पुस्तकं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झालेल्या. तो वास केसांत, कपड्यांत, पाण्याच्या घोटात सुद्धा येत राहिला.

“मला तेव्हापासून फिनेलचा वास आवडतो,” माई म्हणाल्या.

“फिनेलचा?”

“हो. आधी डोकं दुखायचं माझं त्यानं. पण त्या वेळी तीन-तीनदा फरशी धुतली, आणि एका सकाळी आत पाऊल टाकलं तर गाळाचा वास नाही, नुसतं फिनेल. म्हटलं, चला, घर आपलं झालं. अजून बाटली उघडली की बरं वाटतं. सांगायचं कुणाला? लोक म्हणतील म्हातारीचं डोकं फिरलं.”

मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “नाही, हेही नाही रसायनशास्त्रात.” आणि झोपाळा हलवला.

समोरच्या बंगल्यात नवीन सून आली तशी आमच्या कुंपणाला तिसरी सभासद मिळाली. ती मूळची पुण्याची, घरूनच लॅपटॉपवर काम करते. तिच्या मीटिंगा संपल्या की कानातलं यंत्र काढून आमच्या भिंतीशी येते. पहिल्याच दिवशी तिनं गळ्यापर्यंत आलेलं सांगून टाकलं.

“माई आजी, मला कोथिंबीर आवडत नाही.”

माईंच्या हातात निवडायची जुडीच होती. त्यांनी ती पदराआड केली.

“अगदीच नाही?”

“साबणासारखी लागते. सासूबाई पोह्यांवर घालतात, आमटीवर घालतात, उपम्यावर घालतात. परवा तर दहीभातावर घातली. वरून म्हणतात, ‘रंग बघ कसा आलाय!’ मी काढून ठेवायला लागले की त्या काहीच बोलत नाहीत. नुसत्या बघतात.”

“बाप्पा! आमच्या वर्ध्याकडे नको जाऊस,” मी म्हटलं. “हिवाळ्यात जुड्याच्या जुड्या चिरून सारण करतात आणि सांबारवड्या तळतात. आत दुसरं काही नसतंच.”

“काकू, मी पहिल्या घासाला माहेरी पळून आले असते.”

अर्थातच झोपाळा थांबला होता. कोथिंबिरीच्या पानात अल्डिहाइड जातीची संयुगं असतात आणि तसलीच साबणातही असतात, असं सरांनी सांगितलं. ती हुंगणाऱ्या नाकातल्या ग्राहीचं एक जनुक आहे, ओआर6ए2. 2012 मध्ये हजारो माणसांची तपासणी करून संशोधकांनी कोथिंबीर साबणासारखी लागण्याशी त्याच्या भागाचा संबंध जोडला. “तेव्हा हे हिचं नाटक नाही. नाकच तसं घेऊन आली आहे.”

“हे तुम्ही माझ्या सासूबाईंना सांगाल का?” सुनेनं हात जोडले.

“हे कुणाला काही सांगणार नाहीत,” माई म्हणाल्या. “नाकात दोष निघाला म्हणून लग्नात फसवलं म्हणतील. त्यापेक्षा असं कर, कोथिंबीर निवडायचं काम तू मागून घे. आणि वरून भुरभुरवू नको, मिरची-लसूण घालून वाटून टाक. वाटली की तो वास मरतो.”

“हे अगदी बरोबर,” सरांना राहवेना. “पान ठेचलं की त्यातली विकरं त्या अल्डिहाइडांचं रूप—”

“झोपाळा!”

सून चटणीवर आली, ती आता निभावते. पण तिच्या नावडी आमच्यापेक्षा वेगळ्याच. तिला फोन वाजलेला आवडत नाही. फोन करणाऱ्यानं आधी मेसेज करून ‘करू का’ असं विचारावं म्हणे. माईंना हे काही केल्या उमजेना. “आमच्या वेळी ट्रंककॉल लागायला अर्धा दिवस जायचा, आणि लागला की सगळी गल्ली आनंदानं गोळा व्हायची. आणि तुला वाजतो तेव्हा नको?” सून म्हणाली, “आजी, वाजला की काहीतरी काम निघालेलं असतं.” यावर माई म्हणाल्या, “तेव्हाही वाजला की कुणीतरी गेलेलंच असायचं. तरी आवडायचा.”

मग एका दुपारी आम्ही तिघींनी मोजदादच काढली. अट अशी, की कारण विचारायचं नाही. माईंना काय आवडत नाही: एका चिमट्याला दोन कपडे लटकवलेले, दाराशी पालथी पडलेली चप्पल, ‘थोडंसं घे’ म्हटल्यावर खरंच थोडंसं घेणारा पाहुणा. मला काय नाही: दुधाची साय ओठाला चिकटलेली, वाचायच्या आधीच कुणीतरी घडी मोडलेला पेपर, डब्याचं नुसतं वर टेकवलेलं झाकण, जे उचललं की डबा खाली आणि झाकण हातात. सुनेला काय नाही: कुकरची शिट्टी, ‘अजून काही विशेष?’ हा प्रश्न, आणि फुल टू ठेवलेला टीव्ही ज्याच्यासमोर कुणीच बसलेलं नाही.

आवडीच्या बाजूला मात्र गंमत झाली. तिघींनी वेगवेगळं सांगायचं ठरवलं आणि तिघींचं एकच निघालं, ते म्हणजे गिरणीतून आणलेलं ताजं दळण. पिठाचा डबा कमरेवर घ्यावा, त्याची ऊब पातळातून पोटाला लागावी, झाकण किलकिलं करून आत हात घालावा. ज्वारीचं असेल तर आणखीच छान, हाताला रवाळ आणि गरम लागतं. “हे मलाही आवडतं,” सून म्हणाली, “फक्त मी ते सांगत नाही. पीठ मी ऑनलाइन मागवते असं मैत्रिणींना वाटतं.” म्हणजे कधीकधी आवडसुद्धा कुंपणाशी आणावी लागते.

सरांच्या कारल्याचा निकालही त्याच दुपारी लागला. माई कारल्यात चिंच-गूळ घालतात, सरांना ते नुसतं मिठात परतलेलं हवं असतं. माईंचं म्हणणं, ह्यांना कडू लागतच नाही, मग त्यात मर्दुमकी कसली? तेव्हा सरांनी एक जुनी हकिगत सांगितली. 1931 ची गोष्ट. अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड भरत होते. ती थोडी हवेत उडाली. शेजारचा सहकारी थुंकत म्हणाला, “किती कडू!” फॉक्स म्हणाले, “कुठे काय?” दोघांनी चाखून पाहिली. एकाला जहर कडू, दुसऱ्याला काहीच नाही. तो फरक आईबापांकडून येतो, हे पुढे कळलं. सर ती गोष्ट वर्गात सांगायचे आणि जीवशास्त्राच्या विभागातून पीटीसीच्या कागदी पट्ट्या आणून मुलांना चाखायला द्यायचे. अर्धी-अधिक मुलं तोंड वाकडी करायची, उरलेली पट्टी चघळत त्यांच्याकडे पाहायची, आणि दोन्ही गटांना वाटायचं की दुसरा सोंग करतोय.

“आणि तुम्हाला?” सुनेनं विचारलं.

“मला पट्टी कडू लागते. कारल्याचा कडूपणा निराळा, त्याचा त्या पट्टीशी संबंध नाही, पण तोही मला चांगला लागतो. मला कडू लागतं आणि तेच आवडतं. हे हिला पटत नाही.”

“कडू आवडतं म्हणून तर माझ्याशी लग्न केलं,” माई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच विनोदावर इतक्या हसल्या की आमच्या घरातला नळ बंद झालेला कुणालाच कळला नाही.

माझा स्वतःचा एक मान मात्र सासरी पहिल्यापासून आहे: पातोडीचा रस्सा. बेसन घट्ट घोटून ताटात थापायचं, वड्या पाडायच्या, खोबरं-कांदा-खसखस भाजून वाटायचं आणि वर लाल तेल तरंगेपर्यंत रस्सा उकळायचा. इकडे तो प्रकार नवा. पाहुणे आले की सासूबाई स्वतः म्हणतात, “आमच्या सूनबाईंच्या हातची पातोडी खाऊनच जा.” मी ती करते त्या दिवशी माझी मान जरा ताठ असते, हे माईंनीही बोलून दाखवलंय. तेवढी माहेरची लाज राखली, म्हणून वेलदोड्याचा चहा मी मुकाट्यानं पिते.

एप्रिलमध्ये माईंच्या माहेराहून आंब्याची पेटी येते. दर वर्षी येते, आणि दर वर्षी दुसऱ्या दिवशी निम्मी पेटी भिंतीवरून आमच्याकडे येते. रत्नागिरीचा अस्सल हापूस! गल्लीत माईंच्या मोठ्या मनाचं केवढं कौतुक. “स्वतः एक फोड खातील, पण शेजाऱ्याला डझन देतील,” असं आमच्या सासूबाई सगळीकडे सांगतात. या वर्षी मी पेंढ्यात हात घालून आंबे चाचपत होते, तेव्हा सहज म्हटलं, “माई, तुमच्यासाठी तरी नीट ठेवा. इतकं मन मारू नका.”

माईंनी इकडे तिकडे पाहिलं. पडवीत पाहिलं, झोपाळा रिकामा होता. आमच्या न्हाणीघराकडे कान दिला. मग भिंतीवरून वाकून म्हणाल्या, “मन नाही मारत गं. मला आवडतच नाही.”

“काय?”

“हापूस.”

“माई! तुम्हाला हापूस—”

“अगो, हळू बोल! माझ्या भावाला कळलं तर माहेर तुटेल.”

मला सावरायला वेळ लागला. हापूस म्हणजे काय साधी गोष्ट आहे? अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीवरून त्याचं नाव पडलं. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्याच्या नावावर माणसं बाजारात भांडतात, तो रत्नागिरीच्या माहेरवाशिणीला आवडत नाही!

“पण का हो?”

“नुसता गोड. पहिली फोडही गोड, शेवटचीही गोड. आणि एवढा जपून कापावा तर आत साका निघतो. पांढरा, भोपळ्यागत भुसभुशीत. मला रायवळ आवडतो. आमच्या मागल्या परड्यात सहा झाडं होती, सहाही कोयीपासून वाढलेली, म्हणून एकाची चव दुसऱ्याला नाही. एक होता, त्याला आम्ही शेपू म्हणायचो, वासच तसा. एक एवढासा, मुठीत दोन मावतील असा. आंबा कसा खायचा, तर आधी दोन्ही तळव्यांत हलकेच माचवायचा. घाई केलीस तर साल फुटते. आतला सगळा मऊ झाला की देठ मोडायचा, पहिला चीक पिळून टाकायचा, नाहीतर ओठ उततात. आणि मग चोखायचा. रस कोपरापर्यंत येतो तो तसाच चाटायचा. कोय पांढरी होईस्तोवर सोडायची नाही. दातात धागे अडकतात ते संध्याकाळपर्यंत पुरतात. त्याला आंबटपणा असतो गं, जीभ जागी राहते.”

बोलताना माईंचे दोन्ही हात हवेत काहीतरी माचवत होते.

“मग भावाला सांगा ना, रायवळ पाठव म्हणून.”

“कसं सांगू? रायवळ पेटीत घालून कुणी पाठवतं का? तो पाठवतो ते मान म्हणून. आणि सांगलीत येईपर्यंत रायवळाचा रस होईल. दर वर्षी फोनवर विचारतो, ‘कसा होता?’ मी म्हणते, ‘साखर!’ खोटं नाही ना बोलत? साखरच असतो.”

“सरांना ठाऊक आहे?”

“ह्यांना गोड बंद आहे म्हणून ते माझ्या वाट्याचा चोरून खातात. त्यांना वाटतं मला पत्ता नाही. माझं काम होतं, त्यांचं काम होतं.”

इतकं भारी गुपित हाती आल्यावर मी आपलं एखादं तितक्याच वजनाचं द्यायला हवं होतं. पण माझा वेलदोडा त्यांना आधीच माहीत होता. तेव्हा आम्ही तिथेच भिंतीवर हात ठेवून ठरवलं, की हे दोन्ही विषय भिंतीच्या पलीकडे जायचे नाहीत.

त्याच आठवड्यात आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, कैरीचं पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, सगळं रीतीप्रमाणे. माई आल्या, पाटावर बसल्या. सासूबाई हात पुसत आत गेल्या आणि काचेच्या बशीत जाड जाड फोडी घेऊन आल्या. “माई, हे फक्त तुमच्यासाठी कापलंय. तुमच्याच पेटीतला. आम्हाला सगळ्यांना वाटून टाकता, तुम्ही कुठे खाता! आज माझ्यासमोर खायचा. एक फोड ठेवायची नाही.”

बायका ‘अगदी बरोबर, अगदी बरोबर’ म्हणाल्या. माईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर पाहत होते. पहिली फोड गेली, दुसरी गेली. “कसा आहे?” सासूबाईंनी विचारलं. “साखर!” माई म्हणाल्या.

माझ्या खांद्याची थरथर त्यांना दिसली असावी. कारण तिसऱ्या फोडीला त्यांनी बशी खाली ठेवली आणि भरल्या सभेत, अगदी मायेच्या आवाजात म्हणाल्या, “अहो, सकाळपासून ही एकटी राबतेय. हिला द्या की आधी पन्हं. चांगलं मोठा पेला भरून. आणि वेलदोडा आत्ता ताजा कुटलाय ना, तो घाला वरून चिमूटभर. हिला फार आवडतो.”

सासूबाईंचा चेहरा खुलला. त्यांनी चिमूटभर घातला नाही, चांगला चमचाभर घातला, आणि मी पेला संपवेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. समोरच्या सुनेची बशी हातात थरथरत होती. तिच्या डाळीवर कोथिंबीर होती.

हळदीकुंकू पार पडलं. बायका गेल्या, मी आणि सासूबाई पेले विसळत होतो. सासूबाई खुशीत होत्या. “माई किती चवीनं खात होत्या ना,” म्हणाल्या. “अशी माणसं मिळत नाहीत.” मग दिवेलागण झाली तशा त्या रोजच्याप्रमाणे तुळशीला पाणी घालायला गेल्या. आमची तुळस पश्चिमेच्या कुंपणाशी आहे. पाणी घालायला त्यांना तास लागतो.

त्या बाजूच्या काकू परवा भाजीच्या गाडीपाशी भेटल्या. मेथीची जुडी उलटसुलट करता करता त्यांनी मला सहज विचारलं, “काय गं, तुझ्या त्या पातोडीच्या रश्श्यात तेल जरा कमी घातलं तर चालत नाही का?”